जुन्या ऑसिलोस्कोपाचा वीजपुरवठा आणि अनुमानाची शिस्त

प्रयोगशाळेंतील एखादें यंत्र बंद पडलें म्हणजे तें भंगारांत काढावें कीं दुरुस्त करावें, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ जमाखर्चाचा वाटतो. माझ्या मतें तो शिक्षणाचा प्रश्न आहे. आणि म्हणूनच त्याचा निकाल कार्यालयांतील नोंदवहीवर न लागतां वर्गांत लागावा, असें सुचविण्यासाठीं हा लेखप्रपंच आहे. माझ्या डोळ्यांपुढें जें यंत्र आहे तें म्हणजे जुना ऑसिलोस्कोप, हिरव्या पडद्याचा, काचेच्या लांब नळीचा, उचलतांना पाठ धरील इतक्या वजनाचा. आपल्या सातारा-सांगलीकडील शाळांच्या व तंत्रशाळांच्या कपाटांतून असे ऑसिलोस्कोप अद्यापि दृष्टीस पडतात. त्यांतील बहुतेक मुके आहेत. कोणी एके दिवशीं कळ दाबली, पडद्यावर रेघ उमटली नाहीं, आणि त्या दिवसापासून ते कपाटांत गेले ते गेलेच.

ज्यांनीं हें यंत्र पाहिलें नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. १८९७ सालीं कार्ल फर्डिनंड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञानें स्ट्रासबुर्ग येथें एक निर्वात काचनळी केली. तींत इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर पडून तेथें प्रकाशाचा ठिपका उमटे व विजेच्या प्रवाहाच्या चुंबकीय ओढीनें तो ठिपका इकडे-तिकडे सरके. त्याच वर्षीं केंब्रिजला जे. जे. टॉमसन यानें तशाच किरणांवर प्रयोग करून इलेक्ट्रॉनाचा शोध लावला. ब्राउनची नळी ही ऑसिलोस्कोपाची जननी होय. डोळ्यांना न दिसणारा विद्युद्दाब हें यंत्र रेघेच्या रूपानें काढून दाखवितें. काळ डावीकडून उजवीकडे चालतो व दाब खालीं-वर होतो. आमच्या मुलांना ‘साइन तरंग’ हा शब्द पुस्तकांतून पाठ असतो. परंतु पडद्यावर तो तरंग हलतांना पाहिला म्हणजे मुलांच्या चेहऱ्यावर जें उमटतें तें पाठांतरानें उमटत नाहीं.

असा ऑसिलोस्कोप बिघडला तर बिघाड बहुधा कोठें असतो? अनुभवी दुरुस्तीकार सांगतील कीं पहिला संशय वीजपुरवठ्याचा घ्यावा, आणि त्याचें कारणही उघड आहे. यंत्राच्या इतर भागांत लहान-सहान प्रवाह खेळत असतात. पुरवठ्याच्या भागांत मात्र उष्णता, मोठा प्रवाह आणि उच्च दाब हीं तिन्ही एकत्र नांदतात. भिंतींतून २३० व्होल्ट व सेकंदास ५० आवर्तनें असा उलटसुलट प्रवाह येतो. ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब बदलतो, डायोड त्यास एकाच दिशेनें वाहावयास लावतात, मोठे कपॅसिटर त्यांतील चढउतार भरून काढतात, आणि शेवटीं नियामक मंडल तो दाब अचूक आंकड्यावर बांधून ठेवतें. असे चार-पांच निरनिराळे पुरवठे एकाच पेटींत असतात, आणि त्यांखेरीज नळीसाठीं हजारों व्होल्टांचा एक वेगळाच. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरांतील द्राव वर्षानुवर्षें उष्णतेनें सुकतो. जुन्या कार्बनी रोधकांचा रोध हळूहळू वाढत जातो. तापण्या-निवण्याच्या रहाटगाडग्यानें डाखाचे सांधे तडकतात. हीं वार्धक्याचीं लक्षणें होत.

त्यांत आपल्या भागाचें हवामान. साताऱ्याच्या पश्चिमेस महाबळेश्वर-पाटणकडे पावसाळ्यांत कपाटांतील पुस्तकांवरही बुरशी चढते, मग यंत्राच्या पट्टीवर ती न चढेल कशी? उलट सांगलीच्या पूर्वेस जत-आटपाडीकडे कोरडी बारीक धूळ पंख्यावाटे आंत शिरून प्रत्येक भागावर पांघरूण घालते व उष्णता बाहेर पडूं देत नाहीं. विजेची तऱ्हा तर सर्वांना ठाऊक आहे. कोयनेच्या जलविद्युत् प्रकल्पाची एकंदर क्षमता १,९६० मेगावॉट आहे व त्याचें धरण आपल्याच पाटण तालुक्यांत आहे. तथापि रानांतील पंप एकदम चालू झाले कीं आसपासच्या खेड्यांतील दिवे मिणमिणतात, ही गोष्ट कोणाही विद्यार्थ्यास सांगावी लागत नाहीं.

येथेंच पहिला धडा आहे. यंत्र उघडण्यापूर्वीं भिंतींतील दाब मोजावा. नियामक मंडलास आपलें काम करण्यासाठीं थोडा जास्तीचा दाब हाताशीं लागतो. मूळ दाबच खालीं गेला तर निरोगी यंत्राचीही रेघ थरथरूं लागते. दुपारीं नीट चालणारें व सायंकाळीं बिघडणारें यंत्र बरेच वेळां आजारी नसतें, उपाशी असतें. तसेंच मागील बाजूस ११०, २२० किंवा २४० व्होल्ट असा आंकडा निवडण्याची जी सोय असते, ती कोणत्या आंकड्यावर आहे तें पाहावें. आणि फ्यूज योग्य मापाचा आहे कीं कोणी त्याच्या जागीं तांब्याची जाड तार गुंडाळून ठेवली आहे, तेंही पाहावें. अशी तार आढळली तर समजावें कीं पूर्वीं येथें कोणी तरी विचार करण्याऐवजीं घाई केलेली आहे.

आमच्या शाळेंत दोन रेघांचा एक जुना ऑसिलोस्कोप आहे. त्याची रेघ जाड होऊन सारखी थरथरत असे. एका दुरुस्तीकारानें तो पाहतांच सांगितलें, “सर, जुना माल आहे, सगळे कपॅसिटर बदलून टाका.” हा सल्ला आजकाल सर्रास मिळतो, व त्याविरुद्धच मला मुख्यतः लिहावयाचें आहे. सल्ला देणारा लबाड नव्हता. जुन्या यंत्रांत कपॅसिटर खराब होतात हें खरेंच आहे. परंतु ‘बहुधा’ या शब्दाचा ‘निश्चित’ असा अर्थ करणें हा तर्कशास्त्राचा खून आहे, आणि तो शाळेंत तरी होऊं नये.

आम्हीं नववीच्या मुलांना फळ्याजवळ बसवून प्रथम कागदावर विचार केला. भिंतींतील दाब ठीक होता. फ्यूज शाबूत होता. यंत्र बंद ठेवून, कपॅसिटर रिते करून, प्रत्येक पुरवठ्याचा जमिनीशीं असलेला रोध मोजला. कोठेंही सरळ जोड आढळला नाहीं. मग गांवोगांवचे वायरमन वापरतात त्या सिरीज बल्बाच्या पाटीवरून यंत्रास वीज दिली. ही पाटी म्हणजे गरिबाचा वैद्य होय. आंत सरळ जोड असेल तर बल्ब भडकून पेटतो व यंत्र वांचतें. नसेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. आमचा बल्ब मंद झाला. तेव्हां सरळ वीज देऊन चार पुरवठे मोजले. तीन बरोबर निघाले, व एक, बारा व्होल्टांचा, थोडा कमी आणि अस्थिर.

आतां त्या अस्थिरतेचें चित्र दुसऱ्या एका लहान नव्या ऑसिलोस्कोपावर पाहिलें. (जुन्याची नाडी पाहावयास नवा लागला, हें येथें मोकळेपणानें सांगितलें पाहिजे, नव्या यंत्रांविषयीं माझें कांहींएक वैर नाहीं.) कपॅसिटरच्या टोकावर करवतीच्या दात्यांसारखी लाट दिसली. दोन दात्यांमधील अंतर वीस मिलिसेकंद भरलें. मुलांस विचारलें, “किती असावयास पाहिजे?” पन्नास आवर्तनांचा प्रवाह डायोडांनीं दोन्ही बाजूंनीं सरळ केला म्हणजे सेकंदास शंभर उसळ्या येतात, अर्थात् दर दहा मिलिसेकंदांस एक. एका मुलीनें तें पाटीवर मांडलें आणि ती म्हणाली, “सर, मग अर्धे डायोड झोपलेत!” यापेक्षां शुद्ध अनुमान मीं मोठ्या माणसांकडूनही क्वचित् ऐकलें आहे. कपॅसिटर निकामी असता तर दाते खोल झाले असते, परंतु त्यांची संख्या शंभरच राहिली असती. संख्या निम्मी झाली याचा अर्थ लाटेचा एक अर्धा भाग वाटेंत कोठें तरी हरवत होता. पाहतों तों एका डायोडच्या पायाशीं डाखाला केसाएवढी गोल भेग. यंत्र पुन्हा बंद करून व कपॅसिटर रिते करून घेतल्यावर जुना डाख काढून नवा दिला; रेघ सुतासारखी सरळ झाली. खर्च किती झाला तें सांगण्यासारखें नाहीं.

समजा, आम्हीं सगळे कपॅसिटर बदलले असते. नवे कपॅसिटर जरा मोठ्या मापाचे घातले असते तर दाते उथळ होऊन रेघ कदाचित् सुधारलीही असती! आणि मग एका बाजूच्या डायोडांनीं सर्व भार एकट्यानें वाहत राहून कांहीं महिन्यांनीं प्राण सोडला असता. रोग झाकणारें औषध रोगापेक्षां वाईट, तें यासाठीं. शिवाय तीस-चाळीस भाग उपसतांना पट्टीवरील तांब्याच्या नाजुक वाटा उखडतात, एखादा भाग उलट्या दिशेनें बसतो, आणि एक बिघाड होता तेथें तीन होतात. आणि यंत्र चालू झालें तरी तें कशानें झालें हें कोणासच सांगतां येत नाहीं. जी दुरुस्ती समजावून सांगतां येत नाहीं ती शाळेच्या उपयोगाची नव्हे.

मिरजेस ज्यांनीं तंबोऱ्याच्या कारागिरांचीं दुकानें पाहिलीं असतील त्यांस हें अधिक सांगावयास नको. तंबोरा खरखरूं लागला तर तो कारागीर चारही तारा तोडून फेकीत नाहीं. तो एक-एक तार छेडून ऐकतो, जवारीकडे पाहतो, घोडीखालीं बोट फिरवितो, आणि मगच हत्यार उचलतो. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें तें लांकडाबद्दल जितकें, तितकेंच या कानाबद्दलही मिळालें असें मी समजतों. औंध संस्थानांतील उजाड माळावर १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. त्या परिसरांतील शेतकरीही पंप बंद पडला तर प्रथम तीन फेज आले आहेत कीं नाहींत तें पाहतो, मग स्टार्टर, मग केबल, आणि शेवटीं मोटार वर काढतो. विहिरींतून मोटार वर काढण्याचे श्रम ज्यास ठाऊक आहेत तो अनुमान आपोआप शिकतो. आमच्या प्रयोगशाळेंत श्रम स्वस्त व सुटे भाग स्वस्त. म्हणून अनुमान महाग झालें आहे.

पुरवठ्याच्या बिघाडांत आणखी एक गोष्ट मोठी मननीय आहे. हे पुरवठे एकमेकांवर अवलंबून असतात. टेक्ट्रॉनिक्स ही अमेरिकेंतील ओरेगन प्रांतांत १९४६ सालीं निघालेली कंपनी. तिच्या १९५०च्या दशकांतील ५४५ सारख्या व्हॉल्व्हच्या यंत्रांत उणे १५० व्होल्टांचा पुरवठा हा सर्वांचा मापदंड असे. तो एका वायूनें भरलेल्या संदर्भनळीवरून आपला आंकडा ठरवी, व अधिक १००, २२५, ३५० आणि ५०० व्होल्टांचे पुरवठे त्याच्याकडे पाहून आपापला आंकडा ठरवीत. तो मापदंड पांच टक्क्यांनीं चुकला कीं सगळेच चुकणार. अशा वेळीं जो मनुष्य पांचशे व्होल्टांपाशीं खटपट करीत बसेल त्याचे दिवस फुकट जातील. पुढें १९७०च्या दशकांत आलेल्या ४६५ या ट्रान्झिस्टरच्या यंत्रांत हाच मान अधिक ५५ व्होल्टांकडे गेला. यास्तव सेवापुस्तिका आधीं वाचावी, कोण कोणावर उभा आहे याची वंशावळ काढावी, आणि मुळापासून वर जावें. पडद्यावर ठिपका दिसत नाहीं म्हणून थेट उच्च दाबाच्या भागांत हात घालणारे पुष्कळ असतात. वस्तुतः तो उच्च दाब खालच्याच एखाद्या पुरवठ्यावर चालणाऱ्या आंदोलकापासून निघतो, आणि खालचा मजला ढासळला असतां वरच्याची डागडुजी करणें व्यर्थ होय.

दुसरा प्रश्न असा कीं, पुरवठा दुबळा आहे कीं मागणारा अधाशी आहे? साताऱ्यास कास तलावाचें पाणी येतें. एखाद्या पेठेंत नळ कोरडा पडला तर तलाव आटला असें कोणी म्हणत नाहीं. वाटेंत नळ फुटला असेल असें आधीं वाटतें. तसेंच येथें. दूरच्या एखाद्या पट्टीवर बसविलेला टँटलम जातीचा इवलासा कपॅसिटर आंतल्या आंत जोडला जातो व सर्व प्रवाह गिळतो. दोष मात्र बिचाऱ्या पुरवठ्यावर येतो. अशा वेळीं पट्ट्यांचे जोड एकामागून एक सोडवून रोध मोजीत जावें. जो जोड सुटतांच रोध पूर्ववत् होतो, त्या वाटेवर चोर आहे.

आतां आक्षेप. माझे एक सहकारी म्हणतात, “गुरुजी, तुम्ही एका यंत्रावर चार तास घालवितां, तितक्या वेळांत दोन धडे पुरे झाले असते. नवा डिजिटल ऑसिलोस्कोप घ्या आणि मोकळे व्हा.” नित्याच्या प्रयोगांसाठीं नवाच घ्यावा, हें मला पूर्ण मान्य आहे, तो हलका आहे, सुरक्षित आहे, चित्र सांठवून ठेवतो. परंतु नव्या यंत्रांतील मंडल एका काळ्या चिपेंत बंद असतें. तें बिघडलें तर मुलांस दाखविण्यासारखें आंत कांहीं उरत नाहीं. जुन्या यंत्रांत प्रत्येक अवयव डोळ्यांस दिसतो, बोटानें दाखवितां येतो, आणि त्याच्याविषयींचें अनुमान खरें कीं खोटें हें त्याच तासांत कळतें. संगणकावरील आभासी मंडलें मींही वापरतों. तथापि त्यांत डाखाला भेग पडत नाहीं. ज्या मुलास पुढें सांगलीच्या १९४७ सालीं निघालेल्या वालचंद महाविद्यालयांत किंवा कराडच्या १९६० सालच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांत जावयाचें आहे, त्यानें तेथें जाण्यापूर्वीं एक तरी खरा बिघाड पाहिलेला असावा. आणि ज्यास तिकडे जावयाचें नाहीं, जो दुकान चालवील, शेती करील किंवा रुग्णांची शुश्रूषा करील, त्यासही हें शिक्षण वायां जाणारें नाहीं. चार तासांचा हिशेब मी या बाजूनें मांडतों.

दुसरा आक्षेप धोक्याचा. तो मात्र मी शिरसावंद्य मानतों. या यंत्रांत मरण आहे, ही गोष्ट साखरेंत घोळून सांगूं नये. २३० व्होल्टांचा उलटसुलट प्रवाह सरळ केला कीं कपॅसिटरवर सुमारें ३२५ व्होल्ट सांठतात, आणि वीज काढल्यावरही तेथेंच बसून राहतात. नळीचा दाब तर हजारोंच्या घरांतला. वर ती नळी निर्वात असल्यामुळें आपटली तर कांचा उडतात. म्हणून आमच्याकडे उघड्या यंत्रास विद्यार्थी हात लावीत नाहीं. तो पाहतो, मोजलेले आंकडे लिहितो, तर्क सांगतो. हात शिक्षकाचा असतो, आणि तोही जेथवर शक्य तेथवर एकच. कपॅसिटर पेचकसानें ठिणगी पाडून रिता करणें हें शौर्य नव्हे. योग्य रोधकांतून तो सावकाश रिता करावा व रिता झाला हें मोजून पाहावें. उच्च दाबाच्या भागाचें काम जाणत्यावरच सोपवावें.

आणखी एका घातक रिवाजाविषयीं कडक शब्दांत लिहिणें मला भाग आहे. मोजणाऱ्या ऑसिलोस्कोपाचा चिमटा आंतून घराच्या अर्थिंगशीं जोडलेला असतो. तो भिंतीच्या विजेशीं सरळ जोडलेल्या भागास लागला कीं स्फोटासारखा आवाज होतो. यावर तोडगा म्हणून कांहीं लोक प्लगाचा तिसरा पाय कापून टाकतात. आवाज थांबतो खरा. परंतु त्यानंतर यंत्राचा धातूचा सांगाडाच जिवंत होऊं शकतो, आणि त्यावर हात ठेवणाऱ्या मुलास तें कळावयास अवधि मिळत नाहीं. ज्या शाळेंत असा कापलेला प्लग सांपडेल त्या शाळेनें तो त्याच दिवशीं बदलावा. खरा उपाय म्हणजे दुरुस्तीखालील यंत्र अलग ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून चालविणें, आणि तो नसेल तर त्या भागांत मोजणी न करणें.

कृष्णाकांठच्या वाचकांसाठीं महापुराविषयीं थोडें लिहितों. २००५, २०१९ व २०२१ या वर्षांचे पूर सांगलीकर विसरलेले नाहींत. २०१९च्या ऑगस्टांत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलें, जेथें धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. अशा पाण्यांत बुडालेलें यंत्र वाळल्यासारखें दिसतांच ‘चालतें कां पाहूं’ म्हणून कळ दाबण्याचा मोह होतो. तो आवरावा. वरून कोरडा दिसणारा ट्रान्सफॉर्मर आंतून कित्येक आठवडे ओला राहतो, आणि सुकलेला गाळ हवेंतील ओलावा ओढून वीज वाहूं लागतो. प्रथम गाळ स्वच्छ पाण्यानें धुवावा, शेवटीं ऊर्ध्वपातित पाणी वापरावें, मंद उबेंत दीर्घ काळ वाळवावें, गुंडाळ्या व लोखंड यांमधील रोध मेगरनें तपासावा, आणि मगच सिरीज बल्बावर यावें. पूर न आलेल्या शाळांनींही पावसाळ्यांत यंत्राच्या कपाटांत एक लहान बल्ब तेवत ठेवावा व महिन्यांतून एकदां तासभर यंत्र चालवावें. फार काळ निजून राहिलेला इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आपली आंतील पातळ झिल्ली हरवून बसतो.

आमच्या प्रयोगशाळेंत आतां एक वही ठेवली आहे. तींत लक्षण, मोजलेले आंकडे, विद्यार्थ्यांचे तर्क (चुकलेले तर्कही खोडून न टाकतां) आणि शेवटीं सांपडलेलें कारण असें लिहिलें जातें. कपाटांत आणखी दोन मुके ऑसिलोस्कोप आहेत. एकाचा फ्यूज लावतांच जातो, दुसऱ्याचा पंखा फिरतो परंतु दिवा लागत नाहीं. पहिल्याविषयीं दहावीच्या वर्गांत दोन तट पडले आहेत. एक म्हणतो डायोड, दुसरा म्हणतो विजेच्या वाटेवरील जुना कागदी कपॅसिटर, ज्याचें पिवळें कवच तडकलेलें दिसतें. निकाल सुट्टीनंतर लागेल. ज्या माजी विद्यार्थ्यांकडे जुन्या ऑसिलोस्कोपांच्या सेवापुस्तिका पडून असतील त्यांनीं त्या नकल करून घेण्यापुरत्या शाळेकडे पाठवाव्या. पुस्तिका जपून परत केली जाईल. सुटे भाग पाठवावयाचे असल्यास नवेच पाठवावे, व कोणत्या यंत्रासाठीं तें चिठ्ठीवर लिहावें.